द व्हिलेजेसमध्ये घर बघताय? नवी वस्ती की जुनी, ते असं ठरवा

न्यू जर्सी, मिशिगन, शिकागो या भागात तीस-पस्तीस हिवाळे काढलेल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत निवृत्तीचा विषय निघाला की फ्लोरिडा येतंच, आणि फ्लोरिडा आलं की द व्हिलेजेस येतं. पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांसाठी वसवलेलं हे गाव मध्य फ्लोरिडात ओकाला आणि ऑर्लँडोच्या मध्ये आहे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेतला सगळ्यात वेगाने वाढलेला महानगर विभाग म्हणून जनगणनेत याच भागाची नोंद झाली. वस्ती सुमारे ९३ हजारांवरून १ लाख ३० हजारांवर गेली.

इथे घर बघायला आलात की पहिला प्रश्न येतो, ‘नवं हवं की रिसेल?’ हा प्रश्न विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. घर ही एक गोष्ट आणि वस्ती ही दुसरी. घराचं छत, एसी, स्वयंपाकघर, सगळं पैसे टाकून नवं करता येतं. वस्तीचं गावातलं ठिकाण मात्र आहे तिथेच राहतं. म्हणून आधी वस्ती, मग घर, या क्रमाने चला. माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेक मराठी जोडप्यांना अगदी नवं किंवा अगदी जुनं यापेक्षा मधला पट्टा जास्त मानवतो. का, ते पुढे येईलच.

पायरी १ : नकाशा रस्त्यांच्या नावाने वाचा

इथे कोणी ‘मी अमुक व्हिलेजमध्ये राहतो’ म्हणालं तरी पुढचं वाक्य ‘म्हणजे ४६६ च्या खाली’ असंच असतं. ४६६ हा रस्त्याचा नंबर, आणि खाली म्हणजे दक्षिणेला. असे रस्ते डोक्यात बसले की घराच्या जाहिरातीवरून त्याचं वय ओळखता येतं.

सुरुवात झाली ती फिरत्या घरांच्या, म्हणजे मोबाइल होमच्या पार्कपासून. हॅरल्ड श्वार्ट्झ यांच्या या पार्कचं नाव ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स. १९८३ मध्ये त्यांचा मुलगा गॅरी मोर्स धंद्यात आला, गोल्फ आणि क्लबहाउस यांच्या जोरावर विक्री वाढवली, आणि १९९२ मध्ये सगळ्याला द व्हिलेजेस हे नाव मिळालं. तेव्हापासून गाव उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेलं आहे. त्यामुळे इथे घराचं वय म्हणजे जवळजवळ त्याचा अक्षांशच.

हायवे ४४१ च्या पूर्वेला आहे ती ‘हिस्टॉरिक’ वस्ती. इथे अजूनही कारखान्यात बनवून आणलेली घरं आहेत. काही ठिकाणी जुनं उचलून त्याच जागेवर नवं बसवलेलं दिसतं. ४४१ ओलांडून पश्चिमेला आलात, की काउंटी रोड ४६६ पर्यंतचा भाग मुख्यतः नव्वदीच्या दशकातला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. स्पॅनिश स्प्रिंग्स हा चौक, म्हणजे दुकानांचा आणि गाण्यांचा ‘टाउन स्क्वेअर’, इथलाच. ४६६ आणि ४६६ए यांच्यामधला पट्टा साधारण २००३ ते २०१० या काळातला, लेक समटर लँडिंगच्या भोवतालचा. त्याखाली स्टेट रोड ४४ पर्यंतचा भाग पुढच्या पाच-सहा वर्षांतला, त्याचा चौक ब्राउनवुड. आणि ४४ च्या दक्षिणेला २०१७ च्या सुमारास फेनी या व्हिलेजपासून सुरू झालेली नवी वस्ती, जी टर्नपाइक ओलांडून लीसबर्गपर्यंत पसरत चालली आहे. सॉग्रास ग्रोव्ह आणि ईस्टपोर्ट ही गर्दीची ठिकाणं तिकडची.

हा सगळा पसारा तीन काउंट्यांत आहे: समटर, लेक आणि मॅरियन. काउंटी बदलली की कर बदलतो, हे लक्षात ठेवा.

पायरी २ : आधी भाड्याने राहा, दोन्हीकडे

विक्रेत्यांची ‘लाइफस्टाइल व्हिजिट’ असते. तीन-चार दिवस छान घरात ठेवतात, गोल्फ कार्ट देतात, नवी घरं दाखवतात. जरूर जा. पण त्यावर निर्णय घेऊ नका, कारण ती सहल नव्या वस्तीची असते.

खरं कळतं ते भाड्याने राहिल्यावर. जानेवारी ते मार्च हा इथला हंगाम. उत्तरेकडचे ‘स्नोबर्ड’ उतरलेले असतात, भाडी चढलेली असतात, रेस्टॉरंटांत रांगा असतात आणि गोल्फची वेळ मिळवताना नाकी नऊ येतात. त्यामुळे हंगामात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, असं दोनदा येऊन राहिलात तर उत्तम. ऑगस्टमध्ये रोज दुपारी विजा कडाडून पाऊस येतो, दमट उकाडा असतो, आणि कार्टमधून भाजी आणायला जावं की नाही याचा खरा निकाल तेव्हाच लागतो. एक मुक्काम ४६६ च्या आसपास करा, दुसरा ४४ च्या खाली.

दोन्ही मुक्कामांत एक चाचणी न चुकता करा. गाडी गॅरेजमध्ये ठेवा आणि एक पूर्ण दिवस फक्त गोल्फ कार्टवर काढा. सकाळी पोहायला किंवा योगाला, मग दूध-भाजी, दुपारी औषधाचं दुकान, संध्याकाळी चौकात गाणी ऐकायला. कार्टचे रस्ते शंभराहून जास्त मैलांचे आहेत, बोगदे आहेत, ४४१ वरून आणि टर्नपाइकवरून कार्टचे पूल आहेत, सगळं झकास आहे. पण फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे गोल्फ कार्टचा वेग ताशी २० मैलांच्या आत. दक्षिणेच्या टोकावरून स्पॅनिश स्प्रिंग्सला कार्टने निघालात तर तास तरी मोडतो. रात्री परतताना तोच रस्ता अंधारात, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपवत. आज साठीत हे मौजेचं वाटतं. मोतीबिंदू झाल्यावर किंवा डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितल्यावर कार्टच तुमचे पाय असतात. म्हणून त्या दिवशी प्रत्येक फेरीला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. किमतीइतकंच हे कागदावर असायला हवं.

पायरी ३ : किमतीखालचे आकडे काढा

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि यात फसवणूक कुणाची नसते. सगळं छापलेलं असतं, फक्त वाचलेलं नसतं.

पहिला आकडा बाँडचा. रस्ते, गटारं, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, पावसाच्या पाण्याची तळी हे सगळं उभारण्यासाठी इथे ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट’ म्हणजे सीडीडी कर्जरोखे काढते. फ्लोरिडाच्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. हे कर्ज घरामागे वाटलं जातं आणि साधारण तीस वर्षांत फेडायचं असतं. घर विकलं की उरलेला बाँड घराबरोबर नव्या मालकाकडे जातो. अगदी नव्या वस्तीत घराच्या प्रकारानुसार तो वीस-पंचवीस हजार डॉलरपासून पन्नास-साठ हजारांवरही असतो, आणि जाहिरातीतल्या किमतीत तो धरलेला नसतो. जुन्या भागात बहुतेक घरांचा बाँड फिटलेला असतो. मधल्या पट्ट्यात कुणी एकरकमी भरून टाकलेला असतो, कुणाचा थोडा उरलेला असतो.

समजा दोन घरं प्रत्येकी साडेतीन लाखांची आहेत. जुन्याचा बाँड फिटलेला आहे, नव्यावर ४० हजारांचा आहे. ५ टक्के व्याज धरलं तर नव्या घराच्या मालकाला तीस वर्षं दरसाल सुमारे २६०० डॉलर जास्त भरावे लागतील. म्हणजे ही साडेतीन लाखांची दोन घरं नाहीतच. एक साडेतीनचं आहे, दुसरं तीन लाख नव्वद हजारांचं. एजंटला सरळ विचारा, ‘या घरावर आज बाँड किती शिल्लक आहे?’ उत्तर आकड्यात घ्या, ‘थोडासा’ हे उत्तर चालवून घेऊ नका. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून पत्त्यावरून ते पडताळता येतं.

दुसरा आकडा सीडीडीच्या देखभालीचा. बाँड फिटला तरी हा दरवर्षी भरावाच लागतो. ‘बाँड पेड’ वाचून सुटलो असं समजू नका.

तिसरा म्हणजे अमेनिटी फी, महिन्याला साधारण २०० डॉलरच्या घरात. पोहण्याचे तलाव, रिक्रिएशन सेंटर, छोट्या ‘एक्झिक्युटिव्ह’ गोल्फ कोर्सवरचा खेळ यात येतो. त्या कोर्सवर स्वतःची कार्ट न्यायची तर वेगळी ट्रेल फी, आणि मोठ्या चॅम्पियनशिप कोर्सचे पैसे वेगळे. महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे ही फी वाढत जाते. जुन्या मालकाची फी कमी दिसली तरी घर तुमच्या नावावर होताना चालू दर लागतो, म्हणून ‘सध्याचे मालक किती भरतात’ हे न विचारता ‘मला किती पडेल’ हे विचारा. नवी वस्ती असो की जुनी, या फीत दोघांना सगळ्या गावाच्या सोयी खुल्या असतात, ही बाब जुन्या भागाच्या बाजूने जाते.

चौथा आकडा मालमत्ता कराचा, आणि तो बघण्याची पद्धत शिकून घ्या. कुठल्याही घराचं कराचं बिल काउंटीच्या टॅक्स कलेक्टरच्या संकेतस्थळावर उघडता येतं. वरच्या अर्ध्या भागात घराच्या मूल्यावर आकारलेले कर असतात: काउंटी, शाळा, शहर असेल तर शहर. खालच्या भागात मूल्याशी संबंध नसलेल्या आकारण्या असतात, त्यात सीडीडीच्या देखभालीची ओळ आणि बाँडची ओळ येते. खालचा भाग दोन्ही घरांचा शेजारी शेजारी ठेवून बघा. नव्या घराच्या बिलात खालची बेरीज कधीकधी वरच्या कराशी स्पर्धा करते.

वरच्या भागातली मेख वेगळी आहे. फ्लोरिडात मुख्य घराच्या करपात्र मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के, किंवा महागाई त्याहून कमी असेल तर तेवढीच. त्यामुळे वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या आजोबांचं बिल अगदी हलकं दिसतं. घर विकलं गेलं की मूल्य पुन्हा बाजारभावावर येतं. जुन्या वस्तीतलं घर दाखवताना ‘टॅक्स फक्त एवढाच’ म्हणतात तो आजोबांचा टॅक्स. तुमचा वेगळा. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरकडे अंदाज काढून देणारं साधन असतं, ते वापरा.

शिवाय ४४ च्या दक्षिणेचा बराचसा भाग वाइल्डवूड आणि लीसबर्ग या शहरांच्या हद्दीत येतो. म्हणजे काउंटीबरोबर शहराचाही कर. जुना भाग लेडी लेक या गावाच्या हद्दीत असेल तर तिथेही तेच. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळा कर असू शकतो.

पायरी ४ : जुनं घर आवडलं तर आधी विमेवाल्याला फोन

फ्लोरिडात घराची किंमत परवडते आणि विमा परवडत नाही, असं सर्रास होतं. म्हणून जुन्या घरासाठी ऑफर देण्याआधी विम्याचा भाव काढा, नंतर नाही.

विमा कंपनीची पहिली नजर छतावर जाते. इथल्या उन्हात डांबरी शिंगल्सचं छत पंधरा-वीस वर्षं टिकतं. २०२२ च्या कायद्याने छत पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर निव्वळ वयावरून विमा नाकारता येत नाही. पंधरा वर्षं उलटलेली असतील तर तपासनीसाने ‘अजून पाच वर्षं तरी टिकेल’ असं लिहून द्यावं लागतं. २००५ साली बांधलेल्या घराचं छत एकदा बदललेलं असायला हवं. नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. घराच्या आकारानुसार पंधरा ते पंचवीस हजारांची ती बाब आहे. छत कधी बदललं याची खात्री तोंडी घेऊ नका. काउंटीकडे परमिटची नोंद असते.

दुसरं, ‘फोर पॉइंट’ तपासणी: छत, वीज, नळ, एसी. जुन्या घराला ती लागतेच असं धरून चला. तिसरं, ‘विंड मिटिगेशन’चा अहवाल. भिंतीला छत कशाने बांधलं आहे, क्लिपने की पट्ट्यांनी, हे त्यात फोटोसकट येतं, आणि त्यावर विमा कंपनीला सवलत द्यावी लागते. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केल्यावर बांधकामाचे नियम कडक झाले आणि मार्च २००२ पासून राज्यभर एकच बिल्डिंग कोड लागू झाला. म्हणून २००२ नंतरचं घर आणि आधीचं घर यांत विमेवाला स्पष्ट फरक करतो. मधला पट्टा मला का आवडतो त्याचं हे एक कारण: कोड नवा, झाडं मोठी, बाँड संपत आलेला.

नव्वदीतलं घर बघायला गेलात तर गॅरेजमध्ये जाऊन वॉटर हीटरपाशी वाका. तिथे भिंतीतून येणारा पाइप करड्या रंगाचा, थोडा लवचिक प्लास्टिकचा असेल आणि त्यावर ‘पीबी’ ही अक्षरं दिसली, तर ते पॉलीब्युटिलीन. १९७८ ते १९९५ या काळात ते सर्रास वापरलं गेलं आणि पुढे फुटू लागलं. बऱ्याच विमा कंपन्या ते बदलल्याशिवाय घर घेत नाहीत. बदलणं अशक्य नाही, पण भिंती फोडाव्या लागतात. तसंच भिंती कशाच्या आहेत ते विचारा. या भागात व्हायनिल साइडिंग लावलेली लाकडी सांगाड्याची घरंही आहेत आणि काँक्रीट ब्लॉकवर गिलावा केलेलीही. बाहेरून हाताने ठोकून बघितलं तरी आवाजावरून कळतं.

४४१ च्या पूर्वेचं मोबाइल होम स्वस्त पडतं हे खरं. पण जून १९७६ मध्ये या घरांसाठी संघराज्याचा कोड लागू झाला त्याआधीचं असेल, तर विमा आणि कर्ज दोन्ही अवघड. रोख पैसे, वर्षातले चार महिने मुक्काम, आणि वादळात गेलं तर गेलं, अशी तयारी असणाऱ्यांसाठीच ते आहे.

जमीन खचण्याची धास्ती नव्या-जुन्या दोन्हीकडे सारखी आहे, कारण खाली चुनखडी आहे. २०१८ मध्ये कॅल्युमेट ग्रोव्ह भागात घरांशेजारी खड्डे पडले होते. फ्लोरिडातल्या घराच्या विम्यात जमीन पूर्ण खचून घर राहण्याजोगं न उरल्याची भरपाई असते. त्याहून कमी नुकसानीसाठी ‘सिंकहोल कव्हर’ वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसीत हे शोधा.

पायरी ५ : सावली, दुकानं, माणसं

नव्या वस्तीत घर चकचकीत असतं आणि अंगणातलं झाड हातभर. जुलैत दुपारी चार वाजता कुत्र्याला फिरवायला निघालात की फरक कळतो. उत्तरेकडच्या रस्त्यांवर ओक वाढून कमानी झाल्या आहेत, त्यावरून स्पॅनिश मॉस लोंबतं. मात्र तिथे प्लॉट कधीकधी मोठे असले तरी घरं आतून काळाप्रमाणे बंदिस्त: छोटं स्वयंपाकघर, ठेंगणं छत, बाथरूमला उंच कड असलेला टब. तो टब काढून सपाट शॉवर करून घ्यायचा खर्च आधीच धरा.

नव्या टोकाला दुकानं घरांच्या मागून येतात. नकाशावर ‘लवकरच’ लिहिलेलं सुपरमार्केट कधी उघडेल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर मातीचे ट्रक, सकाळी सातला हातोडे आणि गाड्यांवर धुळीचा थर. घरामागे मोकळं हिरवं रान दिसलं म्हणून हरखून जाऊ नका. ते राखीव आहे की पुढच्या टप्प्याचं आहे, हे विचारा.

हॉस्पिटल हा मुद्दा लोक विसरतात. द व्हिलेजेसचं हॉस्पिटल एल कॅमिनो रियलवर, म्हणजे ४६६ च्या उत्तरेला. दक्षिणेच्या टोकाला राहणाऱ्यांना लीसबर्गचं हॉस्पिटल जवळ पडतं. तुमचे हृदयाचे किंवा डोळ्याचे डॉक्टर कुठे बसतात ते आधी ठरवा आणि मग अंतर मोजा.

माणसांच्या बाबतीत नवी वस्ती सरस ठरते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सगळेच नुकते आलेले, सगळ्यांना ओळखी हव्यात, गल्लीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर खुर्च्या मांडलेल्या. जुन्या गल्लीत शेजाऱ्यांचे पत्त्यांचे अड्डे वर्षानुवर्षांचे असतात, तिथे शिरायला वेळ लागतो. पण तिथे घरं सतत हात बदलत असतात, त्यामुळे नवे लोक तिथेही येतात. आणि क्लब सगळ्या गावाचे असतात, गल्लीचे नाहीत. ज्यांना पंचावन्न-साठीत टेनिस, पिकलबॉल, सायकल यांची हौस आहे, त्यांनी दक्षिणेकडे जरूर बघावं. सत्तरीला टेकलेल्यांनी ४६६ आणि ४६६ए यांच्यामधून सुरुवात करावी.

पायरी ६ : आपल्या घरातले प्रश्न

नातवंडं. इथे एकोणीस वर्षांखालच्या मुलांना कायम राहता येत नाही. पाहुणी म्हणून वर्षाला तीस दिवस. मुलगी उन्हाळाभर नातवंडांना आजोळी ठेवायच्या विचारात असेल तर हे तिला आधीच सांगा. वयाची अट नसलेल्या मोजक्या वस्त्या आहेत, पण तो शोध वेगळा.

देशी किराणा. पोहे, ज्वारीचं पीठ, ताजी कढीपत्त्याची पानं यांसाठी उत्तरेकडून ओकाला बरं पडतं, दक्षिणेकडून टर्नपाइकने ऑर्लँडो. देवळासाठी बहुतेक जण ऑर्लँडोजवळच्या कॅसलबेरीला जातात. महिन्यातून दोनदा ऑर्लँडोला जाणार असाल, तर दक्षिण टोकाच्या बाजूने एक गुण मांडा.

तुळस. हसू नका. घराच्या समोरच्या बाजूला काय ठेवता येईल याचे नियम प्रत्येक युनिटच्या, म्हणजे वस्तीतल्या छोट्या विभागाच्या, ‘डीड रिस्ट्रिक्शन’मध्ये (घरासोबत येणाऱ्या बंधनांच्या कागदात) असतात, आणि अनेक युनिटांत समोर शोभेच्या वस्तू ठेवायला मनाई आहे. बाहेरून काहीही बदलायचं तर समितीची मंजुरी लागते. कारवाई बहुधा शेजाऱ्याने तक्रार केल्यावर होते. नियम सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून घर आवडलं की त्याच युनिटचा कागद मागवून वाचा. कोर्टयार्ड व्हिलाला भिंतीचं अंगण मिळतं, तिथे वृंदावन, कुंडीतली जास्वंद, उन्हात वाळत घातलेले पापड, सगळं बिनबोभाट चालतं. जाळीची लनाई, म्हणजे छप्पर असलेला ओटा, असलेल्या घरातही सोय होते.

आणि हे सगळं वाचून ‘आपल्याला गोल्फ नको, जेवणाची आणि सोबतीची सोय हवी’ असं वाटत असेल, तर लेक काउंटीतच टॅव्हेरिसला शांतिनिकेतन ही भारतीयांसाठीची निवृत्तांची वसाहत आहे. तिथे एकत्र शाकाहारी स्वयंपाकघर आणि प्रार्थनेची जागा आहे. द व्हिलेजेसला आलात की एक दिवस तिकडे काढा. तुलना करायला तरी.

पायरी ७ : दोन एजंट

नवी घरं फक्त विकासकाच्या कंपनीचे एजंट विकतात. ते त्यांच्याकडे नोंदलेली रिसेल घरंही दाखवतात, पण बाहेरच्या एमएलएसवरची (एजंटांच्या सामाईक यादीतली) दाखवत नाहीत. बाहेरचे एजंट एमएलएसची घरं दाखवतात, त्यांच्याकडे नवी घरं नसतात. त्यामुळे एकाच एजंटबरोबर फिरलात तर अर्धं गाव बघायचं राहून जातं. दोघांकडे जा, दोघांना तसं सांगा. इथे ते नेहमीचं आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही. ऑगस्ट २०२४ पासून बाहेरचा एजंट घरं दाखवण्याआधी लेखी करार करून घेतो. त्यावरची मुदत आणि दलाली वाचूनच सही करा, आणि पहिल्यांदा एक-दोन दिवसांचीच मुदत मागा.

नव्या घराच्या किमतीत घासाघीस फारशी होत नाही. रिसेलमध्ये होते, विशेषतः उन्हाळ्यात, आणि विशेषतः वारसांना घर काढून टाकायचं असेल तेव्हा. नवं घर असलं तरी स्वतःचा तपासनीस लावा. ‘नव्याला कसली तपासणी’ म्हणणाऱ्यांच्या एसीची पाणी वाहून नेणारी नळी पहिल्याच पावसाळ्यात तुंबलेली मी पाहिली आहे.

सह्या झाल्यावर दोन तारखा कॅलेंडरवर टाका. फ्लोरिडा हे तुमचं कायमचं घर असेल आणि तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल, तर होमस्टेड सवलतीचा, म्हणजे मुख्य घरावरच्या मालमत्ता करातल्या सवलतीचा, अर्ज पुढच्या १ मार्चपर्यंत. १ जानेवारीला तुम्ही त्या घरात राहत असायला हवं. न्यू जर्सीतही अशीच सवलत घेत असाल तर आधी ती सोडा, दोन्हीकडे घेतलीत तर दंडासकट वसुली होते. आणि कराचं बिल नोव्हेंबरमध्ये येतं. त्याच महिन्यात भरलंत तर ४ टक्के सूट, डिसेंबरात ३, जानेवारीत २, फेब्रुवारीत १, मार्चमध्ये काही नाही.